निर्माल्याचा वास

२९ मार्च १९९२, रविवार

माझी पत्नी शशिकला गेली त्या पौषात ही वही मिटली होती. आज चार वर्षांनी ती उघडतो आहे, कारण शरद घरी आला आहे आणि मनात जे उठते ते ऐकायला या घरात माझ्या वयाचे कोणी उरलेले नाही.

शरद माझा धाकटा भाऊ. मिलच्या विणकाम खात्यात सुपरवायझर होता. तिकडे सगळे त्याला मास्तर म्हणतात. हिवाळ्यात मिलला टाळे लागले आणि त्याच सुमारास त्याचे पोट फुगू लागले. लोकांनी मागे कुजबुज केली, पण शरदने आयुष्यात मद्याचा थेंब घेतलेला नाही. तरुणपणीची कावीळ आत दबा धरून होती, तिने यकृत कणाकणाने खाल्ले, असे डॉक्टरांचे निदान आहे. तो आणि त्याची पत्नी प्रमोदिनी परदेशीपुऱ्यातली खोली सोडून माझ्याकडे रामबागेत राहायला आली आहेत. प्रमोदिनी साड्यांच्या एका दुकानात फॉल-पिकोच्या कामाला जाते. दिवसभर रुग्णाजवळ मीच असतो. औषधेही माझ्याच हाती.

डॉक्टर म्हणजे मधुवंती तारे. शाळेत माझ्याकडे संस्कृत शिकली, आता तुकोगंजात तिचा दवाखाना आहे. तिने आज मला समोर बसवून समजावले.

"सर, आतड्यांत असंख्य जंतू असतात, सगळ्यांच्याच. ते मरतात तेव्हा त्यांच्या कवचातून टॉक्सिन सुटतं, म्हणजे विष. चांगलं लिव्हर ते गाळून घेतं. काकांचं आता गाळत नाही. मग ते रक्तात फिरतं, आणि शरीराची जी फौज असते ना, ती सारखी खडबडून उठते. समोर शत्रू नसला तरी लढत राहते, आपल्याच घराला आग लावते. आतड्यातलं हे सगळं विष शेवटी मेंदूपर्यंत जातं."

"म्हणजे काय होते?"

"झोप उलटीपालटी होते. माणूस गोंधळतो, भलतंसलतं बोलतो. तसं झालं तर घाबरू नका, लगेच आणा. तेव्हा ते बोलत नसतात सर, ते विष बोलत असतं."

तिने एक दाट, गोड सिरप दिले आहे. दिवसातून तीनदा माप भरून द्यायचे. त्याने पोट वारंवार साफ होते आणि विष बाहेर पडते. "बाकी एखादी गोळी राहिली तर चालेल, हे चुकवायचं नाही," असे तिने दोनदा बजावले.

मेलेले जे सोडून जातात ते जिवंताच्या मुखातून बोलते. एवढे मोठे वाक्य ती मुलगी किती सहज बोलून गेली. संध्यावंदनातही ते माझ्या मनातून जात नव्हते.

२ एप्रिल

परवा पाडवा. आमच्या घराण्यात पाडव्यापासून रामनवमीपर्यंत पोथीचे पारायण असते आणि घरातील पुरुषांनी सोवळ्याने बसायचे असते. अध्याय संपेपर्यंत उठता येत नाही. उठून शौचाला गेलेल्याने पुन्हा स्नान करून दुसरे सोवळे नेसल्याखेरीज पोथीजवळ यायचे नाही. शरद मिलच्या पाळ्यांमुळे कधी पूर्ण बसू शकला नाही. आज तो आपण होऊन म्हणाला, "दादा, यंदा मला बसू द्या. पुढचा पाडवा कोणी पाहिलाय."

पण त्या सिरपमुळे त्याला सकाळपासून चार वेळा उठावे लागले. पोटाचा तो भार घेऊन प्रत्येक वेळी स्नान करणे त्याला कसे झेपणार? पारायण होईपर्यंत औषध फक्त रात्री, तेही थोडेच द्यावे, असे मी ठरवले आहे. देवाचे कार्य आहे, तो सांभाळून घेईल.

"डॉक्टरांना विचारलंत का, भाऊजी?" प्रमोदिनीने विचारले.

"औषधाचे मी पाहतो," असे उत्तर दिले.

४ एप्रिल, गुढीपाडवा

शरद अध्याय पूर्ण होईपर्यंत बसला. एकदाही उठला नाही. त्याचा चेहरा पाहून आईची आठवण झाली.

८ एप्रिल

शरद दिवसभर झोपलेला असतो आणि पारायणापुरता उठवून बसवावा लागतो. बसल्याजागी मान खाली जाते. मला वाटले तो थकला असावा.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवतो. त्याच्या श्वासाला वास येतो. त्याला दुर्गंध म्हणता येणार नाही. देवापुढची कालची फुले सकाळी उतरवताना हाताला जो लागतो, गोडसर, किंचित ओलसर, तो निर्माल्याचा वास. खोलीत फूल नाही. खिडकी उघडून पाहिली, बाहेरही काही नाही. तो त्याच्या आतून येतो आहे.

दुपारी संताजी आला होता. शरदच्या हाताखालचा विणकर, परदेशीपुऱ्याहून सायकलीवर येतो. मोठ्या आवाजात बोलण्याची त्याला सवय आहे, मिलमधल्या यंत्रांमुळे. आम्ही दोघे बसलेलो असताना शरदने डोळे अर्धवट उघडले आणि जड जिभेने एक शब्द उच्चारला, दोनदा.

"पाजा?" संताजी हसला. "लो भिया, मास्तरला भर दुपारी प्यायची तलफ आली. जिंदगीभर आम्हाला ग्यान देत राहिले."

"पूजा म्हणाला तो," मी म्हणालो. "संताजी, जागा पाहून बोलावे."

"माफी, गुरुजी. मला तसंच ऐकायला आलं. लूमवर कान गेले आमचे, काय करणार."

बेशुद्धीच्या काठावरही त्याला पूजा आठवते. मी सायंपूजेला आज एक आवर्तन अधिक केले.

११ एप्रिल, रामनवमी



माध्यान्ही जन्मकाळ झाला, पाळणा झाला, पोथी संपूर्ण झाली. प्रमोदिनी स्वयंपाकघरात सुंठवडा कुटत होती. मी पोथीला वस्त्र गुंडाळत होतो. शरद भिंतीला टेकून बसलेला होता, मान छातीवर. त्याने ती उचलली आणि माझ्या खांद्यावरून मागे, दाराकडे पाहिले.

"वहिनी आली."

मी मागे वळलो नाही. "कोण आले?"

"वहिनी. ओली आहे. थंडी वाजते तिला."

तो आवाज शरदचा नव्हता. शरद घाईघाईने बोलतो, शब्दावर शब्द चढवतो. हा आवाज एकेक अक्षर तळातून वर ओढून आणीत होता.

शशिकलेला शेवटचे स्नान मी घातले, पौषातल्या पहाटे. तांब्या ओतताना मनात आले होते की पाणी गार आहे, हिला थंडी वाजेल. तो विचार मी कोणापाशीही बोललेलो नाही. या वहीतही तो नाही.

"तिला विचार, काही हवे आहे का," मी म्हणालो.

तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला, जणू काचेपलीकडून. मग तोच शब्द म्हणाला. पूजा.

नंतर प्रमोदिनीने येऊन त्याचे धोतर बदलले आणि गादी वाळायला गच्चीत नेली. तिने काही ऐकले नव्हते. मीही सांगितले नाही.

१४ एप्रिल

पारायण संपले, तेव्हा औषध पूर्ववत सुरू करायला हरकत नव्हती. आज सकाळी माप भरले, आणि निम्मे परत बाटलीत ओतले.

येथे खोटे लिहायचे नाही. पन्नास वर्षे मी शब्दांची राखण केली. आत्मा, परलोक, प्राणांचे उत्क्रमण, सर्व काही मला पाठ आहे. मुलांना अन्वय लावून शिकवले आहे. परंतु ते शब्द ज्याविषयी आहेत ते कधी माझ्या उंबऱ्याशी आले नाही. अनुभव दुसऱ्यांना आले, मी त्यांची टिपणे वाचली. आता ते आले आहे, आणि एका गोड सिरपाने ते निघून जाईल.

मी औषध बंद केलेले नाही. कमी केले आहे. या दोहोंत अंतर आहे, असे मला वाटते.

२० एप्रिल

संताजीने काय पसरवले कोण जाणे, काल तीन विणकर आले आणि आज ओसरी भरली. मिलमधले लोक. चार महिने फाटकाबाहेर बसून आता त्यांच्याकडे बसण्यासाठीही जागा उरलेली नाही. कोणी नारळ आणला, कोणी उदबत्ती. मी त्यांना परत पाठवू शकलो असतो.

दुपार कलली की शरद बोलतो. मी त्याला तक्क्याला टेकवून बसवले. संताजी पुढे सरकला, एरवीचा मोठा आवाज गिळून.

"मास्तर, मिल चालू होणार काय?"

शरद भिंतीकडे पाहत होता. खूप वेळाने म्हणाला, "दार उघडं आहे. आत वारं येतं."

एक म्हातारा विणकर रडू लागला. शरदचा हात त्या वेळी मी मनगटाशी धरून पुढे केला होता, त्याला आधार असावा म्हणून. त्याचा पंजा आपोआप खाली पडला, उठला, पुन्हा पडला. पंख मिटावा आणि उघडावा तसा. लोकांनी तो आशीर्वाद समजून एकेक करून डोके त्याखाली आणले.

मधुवंतीने दवाखान्यात मला हाच हात करून दाखवला होता. हात पुढे ताठ धरायला सांगितले आणि पंजा असा गळू-उठू लागला, तर ती मेंदूपर्यंत विष गेल्याची खूण, असे ती म्हणाली होती. मला ते आठवत होते. देवमूर्तीचा वर उचललेला हातही आठवत होता. दोहोंपैकी एकाचीच आठवण मी मोठ्याने सांगितली.

मग लीलाबाई नावाची एक बाई पुढे आली. तिचा नवरा काम शोधायला सुरतेला गेला आहे, महिना झाला, खबर नाही. तिने प्रश्न अर्धा विचारला आणि शरद म्हणाला, "ओला आहे. थंडी वाजते."

ती पांढरी पडली. प्रसाद न घेता निघून गेली.

एकच शब्द दोघांविषयी. यावर मी विचार केला. मृतांचा मार्ग जलतत्त्वातून जातो, असे अनेक ठिकाणी सूचित आहे; तेव्हा यात विसंगती नाही. प्रमोदिनीने आजही येताच चादर बदलली.

संताजी जाताना पाया पडून म्हणाला, "गुरुजी, मानपुरला साल्याचं ट्रकचं गॅरेज आहे, तो बुलवून राहिला होता. आता नाही जात. मास्तर बोलले ना, दार उघडं आहे."

२४ एप्रिल

प्रमोदिनी आज दुपारीच परतली. ओसरीत सात-आठ बायका बसलेल्या, उदबत्त्यांचा धूर, आणि मध्ये शरद, कपाळाला कोणीतरी कुंकू लावलेले. ती दारात थांबली. आवाज चढवला नाही.

"बाई, उठा. मास्तरांना आराम करू द्या. नारळ घेऊन जा."

सर्व गेल्यावर तिने प्रथम त्याचे कपाळ पुसले.

"हे काय करून राहिलेत, भाऊजी?"

"लोक आपण होऊन येतात."

"औषध देता ना?"

"देतो."

"किती देता?"

मी पोथीकडे पाहत होतो. त्याच वेळी शरद तो शब्द उच्चारू लागला, पुन:पुन्हा, ओठ चिकटल्यासारखे. प्रमोदिनीने तांब्या उचलला, त्याचे डोके मांडीवर घेतले आणि चमच्याने पाणी घातले. त्याने दातांनी चमचा पकडला आणि सोडीना. तिने भांडेच ओठांना लावले. तो गटागट प्यायला, पाणी हनुवटीवरून छातीवर सांडले, आणि मग तो गप्प झाला.

"पूजा नाही म्हणत ते," ती म्हणाली. "पाजा म्हणताहेत. रात्री माझ्याजवळ पण हेच म्हणतात, मी पाणी देते तर झोपतात. दिवसभर तुम्हाला म्हणत असतील."

"त्याची जीभ जड झाली आहे, उच्चार स्पष्ट नाही..."

"उच्चार राहू द्या ना, भाऊजी. त्यांना तहान लागली होती."

मी तिला सांगण्याचा प्रयत्न केला. शरदच्या मुखातून जे येते ते सामान्य नाही, वहिनीविषयी तो असे बोलला जे कोणालाच ठाऊक नव्हते. ती ऐकून घेत होती; हातांनी त्याची ओली बंडी काढीत होती.

"मला तुमच्यासारखं नाही कळत," ती म्हणाली. "मला माझा माणूस पाहिजे. चिडका. चहात साखर कमी पडली की कप आपटणारा. बाकी जे कोणी येऊन राहिलं असेल ते तुम्ही ठेवून घ्या."

ऊकार आणि आकार. एका स्वराने अर्थ फिरतो, हे मी आयुष्यभर मुलांना शिकवले. मला एकदाही ऐकू आले नाही. की ऐकायचे नव्हते?

उद्यापासून पूर्ण मात्रा द्यायची, असे ठरवले आहे. आज प्रमोदिनी देवळात गेली तेव्हा मात्र मी त्याच्याजवळ बसून एकदाच विचारले, ती आहे का. त्याने डोळे उघडले नाहीत. खोलीत तो वास इतका दाटला होता की मला घशात जाणवला. तो म्हणाला, "आहे." आणि हसला. तसे हसताना मी त्याला कधी पाहिलेले नाही.

२६ एप्रिल

शरद काल सकाळी उठला नाही. हाका मारल्या, चिमटा काढला, डोळ्यांवर पाणी मारले. डोळे उघडे होते, पण पाहत कोणीच नव्हते.

इस्पितळात आणले आहे. नाकातून नळी, खालून पिचकारी, हाताला सुई. मधुवंतीने पोटातले पाणी काढून तपासले.

"पाण्यातही जंतू गेलेत, सर. आणि फौज इतकी भडकली आहे की जंतूंपेक्षा आता तीच जास्त मारते आहे. ताप आहे, लघवी बंद आहे. चोवीस तास काही सांगू शकत नाही." मग ती फाईल मिटून म्हणाली, "सिरप नियमित चालू होतं ना?"

"औषध दिले जात होते," मी म्हणालो.

कर्मणी प्रयोग. कर्ता सांगितला नाही, मात्राही सांगितली नाही. वाक्य मात्र असत्य नव्हते. तिला व्याकरण मीच शिकवलेले, म्हणून की काय, ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. प्रमोदिनी भिंतीशी उभी होती. तिने सर्व ऐकले आणि ती काहीही बोलली नाही. तिने ओरडून सांगितले असते तर मला बरे वाटले असते.

२९ एप्रिल

तसाच आहे. जप होत नाही. नाम घेऊ लागलो की जिभेवर तो दुसरा शब्द येतो.

दुपारी त्याच्या उशाशी बसलो असता असे वाटले की त्याच्या आत पुष्कळ लोक आहेत. आपल्या सर्वांच्याच आत आहेत, मधुवंती म्हणाली होती, असंख्य, जन्मल्यापासून. एक दार शाबूत आहे तोवर आपण स्वतःला धनी म्हणवतो. मी उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. माझ्या पोटात काहीतरी हलले. भूक असावी.

२ मे

ताप उतरला. सकाळी शरदने डोळे उघडून प्रमोदिनीकडे पाहिले आणि म्हणाला, "दुकानात नाही गेलीस?"

ती खुर्चीवर बसून राहिली. मग पदराने तोंड झाकून घेतले.

मधुवंती म्हणते, हे टिकाऊ नाही. लिव्हर परत यायचे नाही; महिने आहेत, वर्ष क्वचित. पण जेवढे आहेत तेवढे शुद्धीत जाऊ शकतात, औषध नियमाने मिळाले तर. हे ती माझ्याकडे पाहून म्हणाली.

५ मे, अक्षय्यतृतीया

सकाळी पितरांना उदककुंभ दिला. शशिकलेच्या नावाने पाणी सोडताना हात थांबला. ते गार होते.

दुपारी इस्पितळात शरदजवळ मी एकटाच होतो. तो बराच वेळ छताकडे पाहून म्हणाला, "दादा, तुम्ही मला काय विचारत होता?"

"तुला आठवते?"

"थोडं थोडं. विहिरीत उभं असावं तसं होतं. तुमचा आवाज वरून यायचा. मी सांगायचो एक, आणि तोंडातून निघायचं दुसरंच. मला तर वाटलं, तुम्हाला ऐकूच येत नाहीये."

मी पाण्याचा ग्लास त्याच्या हाती दिला. तो प्याला. मग मी विचारले, आणि विचारताना मला स्वतःची लाज वाटत होती, तरी विचारले. "तुला वहिनी दिसली होती का?"

"वहिनी?" त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "नाही आठवत. माझं अंथरूण भिजलेलं असायचं, ते आठवतं. गार पडायचं." थोड्या वेळाने तो पुन्हा म्हणाला, "पण कोणीतरी उभं होतं, दादा. दाराशी. सगळे दिवस."

"कोण?"

"मला वाटलं तुम्हीच आहात."

मी त्या दिवसांत कधीही दाराशी उभा राहिलो नव्हतो. मी त्याच्या समोर बसत असे.

१२ मे

शरद घरी आला आहे. आज संताजी आला, आणि त्याच्यामागून चौघे-पाच जण. उंबऱ्यातच चपला काढून हात जोडून बसले. शरदला हसू आले.

"हे काय रे? मी मेलो की काय?"

"नाही मास्तर," संताजी म्हणाला. "तुम्ही बोलले होते, दार उघडं आहे, मिल चालू होणार."

"मी?" शरद गंभीर झाला. "मिलचं दार उघडं कुठलं, संताजी. मशिनी भंगारात जायच्यात, मी स्वतः मोजणी करून आलो होतो ना. नाही चालू होणार."

बाहेरून स्कूटर गेल्याचा आवाज आला.

"मानपुरचं काय झालं तुझं?" शरदने विचारले.

"साल्याने दुसरा माणूस ठेवला."

"मग परत जाऊन बस त्याच्याकडे. पाय धर, शिव्या खा, पण बस. येडा आहेस काय, तापातल्या माणसाचं ऐकतो."

संताजी माझ्याकडे पाहत होता, शरदकडे नव्हे. निघताना दारात म्हणाला, "लीलाबाईचा नवरा आला सुरतेहून, गुरुजी. एकदम सूखा. बाईने पंधरा दिवस कुंकू नाही लावलं, वो उसी पे भडका हुआ है."

त्यानंतर कोणी आले नाही. खऱ्या शरदकडे कोणाचे काही काम नसावे. संध्याकाळी त्याने चहा फिक्का झाला म्हणून कप आपटला, आणि स्वयंपाकघरातून प्रमोदिनीच्या हसण्याचा आवाज आला. हे सर्व चांगले आहे, असे मी स्वतःला सांगतो.

१५ मे

प्रमोदिनीने कामावरून आठवड्याची रजा घेतली आहे. साड्या घरी आणून खिडकीशी फॉल लावीत बसते. औषध देण्याचे काम मात्र अजून माझ्याकडेच आहे. तिने ते मागितले नाही, याचे मला आश्चर्य वाटत होते.

आज दुपारी औषधाची वेळ झाली. बाटली तिरपी केली, आणि माप निम्म्यावर येताच हात थांबला. मी थांबवला नाही, तो थांबला. शरद कुशीवर निजलेला होता. मी त्याच्या तोंडाजवळ वाकून श्वास घेतला. वास नव्हता. साध्या माणसाचा, दुपारच्या जेवणाचा श्वास. तेव्हा मला जे वाटले त्याला समाधान म्हणता येणार नाही. ज्याची चाहूल घेत मी वाकलो होतो ते तेथे नव्हते, आणि अर्धे माप माझ्या हातात होते.

माप तसेच ठेवून मी खिडकीशी गेलो.

"प्रमोदिनी, यापुढे औषध तू देत जा. मी मागितली तरी ती बाटली माझ्या हाती देऊ नकोस."

तिची सुई थांबली नाही.

"त्या बाटलीत साखरेचा पाक आहे, भाऊजी. इस्पितळातून आलो तेव्हापासून. खरं औषध मी देते, वेळेवर."

खूप वेळ फक्त सुताचा कापडातून जाण्याचा आवाज येत होता. मला रागावता आले असते.

"शरदला ठाऊक आहे?" मी विचारले.

तिने दोरा दातांनी तोडला आणि दुसरी साडी पुढे ओढली.

मी परत आलो. शरद उठून बसला होता. अर्धे राहिलेले माप मी काठापर्यंत भरले आणि त्याच्या हाती दिले. त्याने ते सावकाश, तळापर्यंत घेतले, रिकामे माप माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाला,

"दादा, आज पूर्ण दिलंत."